गाईकडून आलेलं दुखणं

गोठ्यात वावरणाऱ्या बायकांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. पुरुषांनी वाचलं तरी हरकत नाही, पण ते अर्ध्यात सोडतात असा माझा अनुभव आहे. आजारपणावर लिहिणारी माणसं फार धीराने वागलेली असतात. देवाचे आभार मानतात, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटकडून काहीतरी शिकतात. माझ्याकडून यातलं काही झालं नाही. मी सहा-सात महिने बधिर होते. रडायची वेळ आली की मला झोप यायची. मनात एकच गोष्ट जागी होती, ती म्हणजे माझा उजवा हात. तो पुन्हा कामाला येणार की नाही, एवढंच मी सगळ्यांना विचारत होते.

मी जनावरांची डॉक्टर आहे. रेणापूर तालुक्यातल्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात आठ वर्षं काम करते. मी आणि माझी मुलगी यशू लातूरला राहतो, नवरा मिलिंद नांदेडला कॉलेजात शिकवतो, शनिवारी येतो. पंचक्रोशीत मला कोणी नावाने ओळखत नाही. 'बाई' म्हणतात. सुरुवातीला बाई काय गाय तपासणार म्हणून लोक हसायचे. मग एकदा आडवं आलेलं वासरू मी सरळ करून ओढलं आणि हसणं थांबलं. बाईचा हात चांगला आहे, अशी ख्याती झाली. मला त्या ख्यातीचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

वार

गाय व्याली की काही तासांत वार, म्हणजे पोटातलं वासराचं वेष्टन, पडायला हवी. नाही पडली तर आम्ही औषध द्यावं, वाट बघावी, हात घालून ओढू नये, असं हल्ली शिकवतात. पण गावात जाऊन हे सांगून बघा. वार हातात येऊन जमिनीवर पडलेली दिसल्याशिवाय डॉक्टर आला होता यावर मालकाचा विश्वास बसत नाही. 'नुसती गोळी देऊन गेली' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी गावातल्याच कोणाला तरी बोलावून ओढून घेतात. त्यापेक्षा आपण नीट काढलेली बरी, असं मी स्वतःला समजावलं होतं.

पावसाळा सरत आला होता. मथुराबाईंचा निरोप आला. मथुराबाई पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, चार देवणी गाई सांभाळणाऱ्या. त्यांची एक गाय सातव्या महिन्यातच गाभडली होती आणि वार आत अडकली होती. मी आणि आमचे परिचर गणपतराव गेलो. मेलेलं वासरू मथुराबाईंनी आधीच पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं. गाईचे पुढचे दोन्ही गुडघे सुजलेले होते, मऊ, पाण्याच्या पिशवीगत. मी हात लावून पाहिला आणि म्हटलं, "फरशीवर बसून बसून झालंय हे. खाली भुसा टाकत जा."

"टाकते की. पर ह्या दुसरीला न्हाई झालं ओ, हिलाच कामून?" मथुराबाई म्हणाल्या.

प्रश्न बरोबर होता. मी त्याचं उत्तर दिलं नाही, कारण मला वार काढायची घाई होती.

खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा मी घातला होता. आत हात गेल्यावर वार जिथे चिकटलेली असते त्या गाठी एकेक करून सोडवाव्या लागतात. प्लास्टिकमधून त्या नीट कळत नाहीत. मी मोजा काढून टाकला. नुसत्या हाताने काम दहा मिनिटांत झालं. मनगटावर दोन दिवसांपूर्वी कडब्याने कापलं होतं, तिथे थोडी चुरचुर झाली. मथुराबाईंनी गरम पाणी आणि साबण दिला. मी हात धुतले, चहा घेतला आणि पुढच्या गावाला गेले.

रोज एक जागा

महिन्याभराने डावा गुडघा दुखायला लागला. गाडीला किक मारताना लचकला असेल, असं वाटलं. आठवड्याने गुडघा बरा झाला आणि उजवं मनगट सुजलं. ते कामामुळे, हे उघडच होतं. मग कंबर धरली. ती बाळंतपणापासून अधूनमधून धरायचीच. संध्याकाळी अंग तापायचं, पाठ घामाने चिंब व्हायची, सकाळी काही नाही. मी गुडघ्याला बाम लावला, मनगटाला पट्टी गुंडाळली, कमरेला पट्टा बांधला. तीन दुखण्यांना तीन कारणं होती आणि तिन्ही मला पटत होती.

त्याच दिवसांत एक शेतकरी दहा-बारा दिवसांचं वासरू टेम्पोत घालून दवाखान्यात घेऊन आला. वासराचे चारही पाय सांध्यांत सुजलेले. त्याने प्रत्येक सांध्याला हळद-चुन्याचा लेप नीट गोल लावला होता. मी त्याच्यावर चिडले.

"पाय कशाला रंगवत बसलाव? एक सांधा सुजला तर मार लागला म्हणा. चार सुजले तर दुखणं सांध्यात नसतं, दुसरीकडं असतं. नाळ बघितलीत का?"

नाळ बघितली तर आत पू. तिथून विष रक्तात गेलं होतं आणि रक्तातून सगळ्या सांध्यांत. हे मी त्या माणसाला पाच मिनिटं समजावून सांगितलं. समजावताना माझ्या मनगटाला पट्टी होती आणि कमरेला पट्टा होता.

तो गेल्यावर गणपतराव म्हणाले, "मॅडम, तुमचं बी त्या वासरावाणी झालंय बघा. रोज येक जागा."

मी हसले. गणपतरावही हसले. आज मागे वळून पाहते तेव्हा कळतं की त्या खोलीत दोघांपैकी निदान एकाने तरी बरोबर निदान केलं होतं, आणि पदवी त्याच्याकडे नव्हती.

लातूरला मी दोन डॉक्टरांकडे गेले. एकाने चिकुनगुनिया सांगितला, दुसऱ्याने संधिवाताच्या तपासण्या करून त्या नीट आल्या तरी संधिवातच म्हटलं. दोष त्यांना द्यावा असं मला वाटत नाही. केसपेपरवर व्यवसायापुढे मी 'शासकीय नोकरी' लिहिलं होतं. शासकीय नोकरीवाल्या बाईचं मनगट दुखतं तेव्हा डॉक्टरच्या डोळ्यांपुढे टेबल-खुर्ची येते. दवाखान्यात गाय आली तर विचारपूस केल्याशिवाय मी औषध लिहीत नाही. गाय कुठे बांधता, काय खाते, कितवं वेत, म्हणजे कितवं बाळंतपण, कोणत्या बाजारातून आणली, हे सगळं विचारते. स्वतःबद्दल मी यातलं एक वाक्य सांगितलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसा माझा वळसा चार महिने चालला.

मग एका लसीकरणाच्या शिबिरात माझ्या हातातून सिरिंज पडली. उचलली, पुन्हा पडली. मूठ वळतच नव्हती. रांगेत चाळीसेक जनावरं आणि त्यांचे मालक उभे होते. गणपतरावांनी सिरिंज उचलली, पुसली आणि आपल्या खिशात ठेवली. मी जीपमध्ये जाऊन बसले. मला वाईट वाटलं का, असं नंतर मिलिंदने विचारलं. मला आठवतं ते एवढंच की जीपची काच खूप मळकी होती.

निदानाचा दिवस

मिलिंद येऊन मला आणि यशूला नांदेडला घेऊन गेला. लोह्याहून माझी आई आली. नांदेडच्या एका दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी फाइल उघडलीच नाही. खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "दिवसभर तुम्ही नक्की काय काम करता?"

मी म्हटलं, "जनावरांची डॉक्टर आहे."

त्यांनी पेन खाली ठेवला. "गेल्या वर्षभरात एखादी गाभडलेली गाय हाताळली होती?"

त्या वाक्याच्या शेवटी मला सगळं कळलं. गाय कळली, तिचे सुजलेले गुडघे कळले, मनगटावरची चुरचुर कळली. मी परीक्षेत हे लिहून मार्क मिळवलेले होते. गाई-म्हशींतला सांसर्गिक गर्भपात, सातव्या-आठव्या महिन्यात गाभडणं, वार अडकणं, काही जनावरांत गुडघ्यांवर सूज, माणसालाही होतो, कोणाला होतो तर जनावरांच्या डॉक्टरांना. इतकं सरळ उत्तर होतं.

"हो," मी म्हटलं.

"हातमोजे?"

"काढले होते."

त्यांनी लगेच रक्त घेतलं. चार दिवसांनी अहवाल आला तेव्हा नवीन काही कळायचं शिल्लक नव्हतं. मिलिंदचे डोळे भरून आले. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला त्याचा शर्ट इस्त्री केलेला नाही हे दिसलं.

मी विचारलं, "हात?"

"आत्ता सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "सूज उतरू दे. सांध्याचं आत किती नुकसान झालंय ते त्यानंतर कळेल. औषध तीन महिने. एक दिवसही चुकवायचं नाही."

मला त्या आवडल्या, कारण त्यांनी काळजी करू नका असं म्हटलं नाही.

वेगळं ताट

पहिले काही दिवस इंजेक्शनांसाठी भरती व्हावं लागलं. सकाळी सहाला बाई झाडून जायची, सातला नर्स ताप बघायची, आठला गोळ्या. गोळ्यांनी लघवी तांबडी होते, आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. तुम्हाला आत्ता सांगितलं. मळमळ इतकी की भाताचा वास आला तरी तोंड फिरवावं लागायचं. डाव्या हाताने वेणी घालता येत नाही. मिलिंदने घातली. शेपटासारखी, एका बाजूला गेलेली. नर्सने त्या वेणीकडे पाहिलं आणि न विचारता सोडून पुन्हा घालून दिली. पुढे रोज घालायला लागली. एवढ्या दिवसांत मला बरं वाटलेल्या गोष्टींत ती वेणी होती.

आजाराच्या मराठी नावात गर्भपात हा शब्द आहे, त्यामुळे आईची निराळीच पंचाईत झाली. तिसऱ्या दिवशी मिलिंद बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "खरं सांग मला. तुला दिवस गेलते का?"

"अगं आई, गाईला गेले होते."

"मग तुला कशाला झालं?"

मी समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "म्हंजे गाईचं बाळंतपण तुझ्या अंगावर आलं." याहून सोपं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

मिलिंदच्या नांदेडच्या घरी आल्यावर आईने माझं ताट, वाटी आणि पेला वेगळा काढला. ओट्याच्या कोपऱ्यात, पालथा. यशूला सांगून ठेवलं की मम्मीच्या ताटाला हात लावायचा नाही.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझी आई लोह्याजवळच्या गावात लहानाची मोठी झाली. ज्यांच्या शेतात तिची आई खुरपायला जायची, त्यांच्या दारात या मायलेकींसाठी कोनाड्यात वेगळी कपबशी असायची. चहा पिऊन आपणच धुवायची आणि पालथी ठेवायची. हे आईने आम्हा भावंडांना शंभर वेळा सांगितलं होतं आणि दर वेळी सांगताना तिचा आवाज चढायचा. आम्ही शिकलो ते त्या कपबशीच्या रागावर.

"आई, हे एकमेकांच्या ताटातून होत नाही," मी म्हटलं.

"असू दे. पोरगी लहान हाय."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी पालथं ताट सुलटं करून जेवायचे, डाव्या हाताने घासायचे आणि पुन्हा पालथं ठेवायचे. असे नऊ-दहा दिवस गेले. मिलिंदने दोनदा आईशी वाद घातला, आई ऐकेना. मग एका दुपारी तो माझ्यासमोर बसला आणि माझ्याच ताटातली भाकरी मोडून माझ्याच वाटीतल्या वरणात बुडवून खायला लागला. आई ओट्यापाशी उभी राहून बघत होती. तो सगळं खाऊन उठला, ताट धुतलं आणि बाकीच्या ताटांत ठेवून दिलं.

आईने मांडणीकडे पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"मी काय केलं गं हे," ती म्हणाली. "मी? आँ?"

ती खूप रडली. मी तिच्या पाठीवरून डावा हात फिरवला. मला तिची दया आली असं लिहायला आवडलं असतं. मला फक्त कळत होतं की आता पाठीवरून हात फिरवायला हवा.

कणीक

डॉक्टरांनी मुठीत दाबायला स्पंजचा चेंडू सांगितला होता. आईने तो एक दिवस बघितला आणि फेकून दिला. "ह्यानं काय हुतंय? कणीक मळ." रोज सकाळ-संध्याकाळ परात पुढ्यात. पहिल्या आठवड्यात बोटं कणकेत जायची पण बाहेर काढताना मनगटातून कळ यायची, आणि पोळ्या अशा व्हायच्या की यशू म्हणायची, "मम्मी, ही खायची का पुसायला ठेवायची?" मग ती खायची. ताप गेला. कंबर सुटली. गुडघा तर मी कधीच विसरले होते. दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या पावलांनी, ते मनगटाच्या बाबतीत शब्दशः खरं होतं. दोन महिन्यांनी मूठ वळायला लागली, करंगळी तेवढी बाहेर राहायची.

याच काळात बदलीचा विषय निघाला. नांदेडला ऑफिसात एक जागा रिकामी होत होती. कागदाचं काम, गोठ्याचा संबंध नाही. मिलिंदने अर्जाचा मसुदाही करून आणला.

"तू एकदा मरता मरता वाचलीस," तो म्हणाला.

"मरत नव्हते मी. हात जात होता."

"तेच. आता परत घालणार आहेस का गाईत?"

"अहो, मला दुसरं येतं काय?"

"सही करायला येते ना? खुर्चीवर तेवढीच लागते."

तो बोलला ते चुकीचं नव्हतं, यशूलाही वडील जवळ मिळाले असते. पण त्या रागात मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. आईचं मत त्याच्या बाजूने होतं. मी म्हटलं, एकदा गावात जाऊन हात लावून बघते. हाताला कळत नसेल तर सही करते. कळत असेल तर विचारू नका. हे सगळ्यांना मान्य झालं. मला मनातून वाटत होतं की कळणार नाही.

मथुराबाई

पहिल्यांदा मथुराबाईंकडेच जावं लागलं. दरम्यान माझ्या सांगण्यावरून गणपतरावांनी दुसऱ्या डॉक्टरांना नेऊन त्यांच्या चारही गाईंचं रक्त तपासायला पाठवलं होतं. दोन गाईंना दुखणं निघालं होतं. त्यांचं पुढे काय करायचं ते सांगायला मी गेले. दोन्ही गाई वेगळ्या बांधलेल्या होत्या. एका व्यापाऱ्याने मागितल्या होत्या, मथुराबाईंनी दिल्या नव्हत्या.

"दुसऱ्याच्या दावणीला दुखणं बांधू का?" त्या म्हणाल्या. "बाई, तुमाला माझ्या दारात झालं म्हणं. गणपतरावांनी सांगितलं. लई वाईट वाटलं बघा."

"मीच मोजा काढला होता. तुमचा काय दोष?"

मी दोन्ही हातांना मोजे घातले, पातळ रबरी, आणि गाईच्या गुडघ्यांवर हात ठेवला. सूज कळली. पण सूज तर डोळ्यांनाही दिसत होती, त्यातून हाताचं काही ठरत नव्हतं. मोजे काढले, हात धुतले, ओसरीवर बसले. मथुराबाई चहा करायला उठल्या. उठताना त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली, थोडं थांबल्या, मग एक पाय टाकला, थांबल्या, दुसरा टाकला.

आठ वर्षं मी त्या घरी जात होते. त्यांच्या चारही गाई कोणत्या पायावर भार कमी देतात ते मला पाठ होतं.

"मथुराबाई, इकडं बसा जरा. हात द्या."

"काय झालं?"

"द्या तर."

मी त्यांचं डावं मनगट धरलं, मग उजवं. दोन्ही बाजू ताडून बघायच्या, हे आमच्याकडे पहिल्या वर्षी शिकवतात. उजवं गरम होतं. बोटाने दाबलं तर आत पाणी हललं, थोडंसंच, पण माझ्या बोटांना ते स्पष्ट लागलं. मग कोपर. मग गुडघे, लुगड्यावरूनच. डावा गुडघा गरम. घोटा ठीक. मी एकेक सांधा मोजत गेले, वासराचे मोजते तसे.

"किती दिवस झाले?"

"चार वर्सं झालं असतील. कधी हितं दुखतंय, कधी तितं. सांजच्याला अंग तापतंय, घाम येतोय, सकाळी काय न्हाई. मेडिकलातून गोळी आणते मी. वय झालं म्हणलं."

"गावातल्या वारी कोण काढतं? मी आले नाही तर?"

त्या जरा लाजल्या. "मीच की. समद्याच्या गोठ्यात मलाच बोलावत्यात. माझा हात चांगला हाय म्हणत्यात."

मी त्यांचा हात अजून धरलेलाच होता. माझ्या हाताला कळत होतं, त्याबद्दल शंका उरली नव्हती. त्या संध्याकाळी मिलिंदला फोन केला आणि अर्ज करत नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मोजे काढलेस तर मी येऊन गाईच्या आधी तुला खोड्यात घालीन." आमच्यात ही तडजोड अजून चालू आहे. मी लातूरला, तो नांदेडला, आणि मोज्यांची खोकी तो स्वतः विकत आणून देतो.

आपल्या जवळपास जनावरांत काम करणारी बाई असेल, तिचे सांधे पाळीपाळीने दुखत असतील आणि संध्याकाळी ताप येत असेल, तर तिला डॉक्टरकडे नेऊन एवढंच सांगा की ही गोठ्यात काम करते. औषध आहे. तपासणीही एकच, रक्ताची आहे. आणि केसपेपरवर नोकरी, घरकाम असलं काही लिहू नका.

मथुराबाईंना मी नांदेडलाच नेलं, त्याच डॉक्टरीणबाईंकडे. बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा घेतली आणि लोह्यापर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक गाईचं वेत ओळखून दाखवलं. तपासण्या झाल्या. काही दिवसांनी अहवाल घ्यायला पुन्हा गेलो. तेच दुखणं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे सांधे पुन्हा एकदा तपासले, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "मावशी, चार वर्षं म्हणजे फार झाली. इतक्या दिवसांत एकाही डॉक्टरने तुम्हाला बघितलं नाही?"

"असं कसं? ह्याच की," मथुराबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "आठ वर्सं झालं येत्यात माझ्या घरी. वर्सातून चार खेपा तरी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या बोलण्याने माझी अडचण झाली असं मथुराबाईंना वाटलं असावं. त्या घाईने म्हणाल्या, "म्हंजे गाईला बघायला ओ. मला न्हाई."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. इतक्या महिन्यांनी मला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं. ते हुंदक्यांनी आलं आणि थांबेना, आणि डॉक्टरीणबाई पाण्याचा ग्लास शोधत असताना मथुराबाईंनी आपल्या सुजलेल्या हाताने माझं मनगट धरलं.

"ओ बाई, कामून रडताव?" त्या म्हणाल्या. "माझं सापडलं की आता."